भाताखालची अक्षरं

ताट गेलं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दुपारी दोनच्या सुमारास, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून, कापडी पिशवीत उभं राहून, ऑटोत बसून गेलं. आईनं ते स्वतः दिलं, मी स्वतः ऑटोपर्यंत पोचवलं, आणि परत येऊन आम्ही दोघं स्टीलच्या ताटांत जेवलो. एवढं सांगितलं की सांगण्यासारखं काही उरत नाही, म्हणून ते झालंच नाही असं धरून चालू. ताट जागेवर आहे. चिखल्याच्या खाण कॉलनीत, आमच्या क्वार्टरच्या मोरीशेजारी, फळीवर भिंतीला टेकून उभं आहे. आणि मी तिथून तीन बस लांब, साकोलीत, माझ्या खुर्चीवर बसून एका मेलेल्या माणसाचा सातबारा स्कॅन करतो आहे. मला काही माहीत नाही. मला काही माहीत नसतं तेव्हा माझी तब्येत फार चांगली असते.

माझं काम जुने कागद स्कॅन करायचं. सरकारी कचेरी, कंत्राटी नोकरी. दर अकरा महिन्यांनी मला कामावरून कमी करतात आणि एक दिवस सोडून परत घेतात. त्या मधल्या एका दिवशी मी अधिकृतपणे कुणीच नसतो, आणि खरं सांगायचं तर तो दिवस मला आवडतो. अंगावरून कुणीतरी रजई काढल्यासारखं वाटतं. बाकीचे दिवस खिडकीतून हायवे दिसतो. प्रत्येक ट्रकसरशी टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं, आणि ते थांबायच्या आत दुसरा ट्रक येतो. त्या दिवशी मी असंच पाण्याकडे बघत होतो तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. एक वयस्क बाई, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा. म्हणाली, "नमस्कार. मी ठाण्याहून सिपोरा वाक्रुळकर बोलते. तुमच्या फोटोतला भात जरा बाजूला सारून परत एक फोटो पाठवाल का?" मी विचारलं, कोणता भात. ती म्हणाली, "गेल्या रविवारचा." मी म्हणालो, तो मी खाल्ला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सगळा?"

फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरचा गोलू म्हणाला, "कोन होता बे?" "भात बाजूला सारा म्हणते." गोलूनं विचार केला. "डाक्टर असन. शुगर आहे काय तुले?" मी नाही म्हणालो, पण हात आपोआप पोटावर गेला. जिभेच्या मागच्या बाजूला त्या रविवारच्या लाखोरीच्या वरणाची चव एकदम परत आली, आणि तिच्यामागून दुसरं काहीतरी आलं, धातूसारखं, लहानपणी दाराची कडी चाटल्यावर यायचं तसं. खाऊन झालेल्या भाताबद्दल पाच दिवसांनी कुणी जाब विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. झालं होतं ते एवढंच. त्या रविवारी आई तुमसरला नातेवाइकाच्या बारशाला गेली होती. स्टीलची ताटं मोरीत खरकटी पडली होती आणि ती घासायचा मला कंटाळा होता. मी आईचं ताट काढलं, त्यात भात, वरण, वांगं वाढून घेतलं, आणि फोटो काढून फेसबुकवरच्या जेवणाच्या एका ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आईच्या हातचं.' वांगं मी केलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्या ताटात मी पहिल्यांदा जेवलो, आणि तेही पुराव्यानिशी.

कारण ते ताट कुणाला मिळत नसे. हा नियम कुणी सांगितलेला नव्हता, पण घरात सगळ्यांना माहीत होता, जसा विजेच्या उघड्या वायरीबद्दलचा असतो. आई सगळ्यांत शेवटी जेवायची आणि त्याच ताटात जेवायची. पितळेचं, जाड, कडेला उंच काठ, आणि काठाच्या आतून गोल फिरत गेलेली अक्षरं. चिंच आणि राखेनं ती ते रोज घासायची, आणि दर दोन वर्षांनी कल्हई करून आणायची. नवी कल्हई झाली की ताट चांदीसारखं पांढरं व्हायचं आणि अक्षरं बुजायची. कल्हई झिजत गेली की ती हळूहळू वर यायची, उन्हाळ्यात तळ्याचं पाणी आटल्यावर खालचे दगड वर येतात तशी. लहानपणी मी विचारायचो, आई, काय लिवलं आहे? ती म्हणायची, "भूक लागली काय, असं लिवलं आहे." मला ते पुरेसं होतं. पाचवीत असताना मी त्या अक्षरांत इंग्रजी शोधलं होतं, सातवीत मोडी. मग शोधायचं सोडून दिलं. घरातल्या कितीतरी गोष्टी कुणाच्यातरी भाषेत असतात, आणि आपण त्यांत पाणी भरतो.

ते ताट आईच्या बापाचं. माझा आजा बाबुलाल, मॅगनीजच्या खाणीत आधी टोपल्या वाहायचा, मग टाइमकीपरच्या ऑफिसात चपराशी झाला. मी नऊ वर्षांचा असताना तो गेला. त्याच्या नखांच्या कडांत काळं बसलेलं होतं, ते मरेपर्यंत निघालं नाही; मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही, नखं आठवतात. गोष्ट तो एकच सांगायचा आणि दर वेळी तिच्यातले आकडे बदलायचा, म्हणून मी ती खरी मानतो. टाइमकीपर होता वाक्रुळकर नावाचा, कोकणातला, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. चिखल्यात कुणाला याचा अर्थ लागेना. मराठी बोलतो, जानवं नाही, नमाज नाही, चर्च नाही, आणि शनिवारी जिवावर आलं तरी पेन हातात धरत नाही. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणतात हे कुणीतरी शोधून काढलं, तेव्हा तुमसरचे दोन तेली सोयरीक बघायला येऊन गेले म्हणे. हा बहुतेक आज्यानं घातलेला मसाला. छप्पन साली ऑक्टोबरात आजा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. डिसेंबरात वाक्रुळकरला तार आली: बायको माहेरी बाळंत झाली, मुलगी, दोघी सुखरूप. बाळंतपण अवघड होतं, आणि त्यानं त्यांच्या संदेष्ट्याला, एलियाहू हन्नाबीला, मलिदा बोलला होता. मलिदा म्हणजे गूळखोबरं घातलेले पोहे आणि वर फळं. त्यासाठी त्यानं भंडाऱ्याच्या पितळवाल्यांकडून ताट बनवून घेतलं आणि कागदावर हिब्रू अक्षरं काढून दिली. आता त्यांच्यात असं आहे की या प्रार्थनेला दहा पुरुष असावेत. चिखल्यापासून चारशे मैलांत त्याचा एकही माणूस नव्हता. मग त्यानं ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावलं. हेडक्लार्कच्या पोटात दुखत होतं, कंपाउंडरच्या घरी पाहुणे होते, दोघे ओव्हरमन, म्हणजे खाणीतले मुकादम, येतो म्हणाले आणि शिकारीला गेले. त्याच्याकडे खाल्लं तर आपण काय होऊ, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आला फक्त बाबुलाल, ज्याच्या बाबतीत हा प्रश्न दोन महिन्यांपूर्वीच निकालात निघाला होता.

वाक्रुळकर टाइमकीपर माणूस. त्यानं हजेरीचं रजिस्टर काढलं, बाबुलालला बाहेर जाऊन परत आत यायला सांगितलं, आणि नाव लिहिलं. मग परत बाहेर, परत आत, परत नाव. असं दहा वेळा. आजा सांगायचा, सहाव्या खेपेला मी चप्पल काढाले विसरलो तं सायेब म्हने, सहावा माणूस अडानी आहे. दहा जणं भरल्यावर वाक्रुळकरनं त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं, मध्येच रडला, मग दोघं त्या एकाच ताटात समोरासमोर बसून जेवले, कारण ताट एकच होतं. आज्याच्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या ताटात त्याचा हात पहिल्यांदा गेला तो तेव्हा. हे तो सांगत नसे. इथे तो बिडी पेटवायचा. हे आई सांगायची, त्यानं बिडी पेटवल्यावर, मागून, भांडी घासता घासता: "हात गेला ना बाबा तुमचा?" आणि तो म्हणायचा, "हो, गेला." साहेबाची बदली झाली तेव्हा साहेबानं ते ताट त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, ज्यानं खाल्लं त्याचं. रजिस्टर कंपनीचं होतं, ते पुढे वाळवीनं खाल्लं. म्हणजे त्या दुपारचा कागद कुठेच नाही. कागदाचं काम माझ्याकडे असल्यामुळे हे मला जरा जास्त कळतं. माझ्या आईकडे तिचा बाप कुणाच्यातरी बरोबरीनं जेवला याचा एकच पुरावा होता, आणि ती त्याच्यात रोज भात वाढून घ्यायची, बहुधा पुरावा जागा राहावा म्हणून.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी त्या बाईला दुसरा फोटो पाठवला. का पाठवला, यावर मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, कुणी नम्रपणे कागद मागितला की तो द्यायची मला सवय झाली आहे. रविवारी चिखल्याला गेलो, आई पाणी भरायला गेली तेवढ्यात फोटो काढला, पाठवला, आणि ताट पुसून ठेवलं, चोरानं पुसावं तसं. उत्तर ठाण्याहून आलं नाही, इस्राएलमधल्या अश्दोदहून आलं. सिपोराबाईंचा भाचा एझ्रा तिथे राहतो. जगभरातली धार्मिक भांडी जमवणं हा त्याचा छंद, आणि माझ्या भाताच्या कडेला डोकावणारी तीन अक्षरं पहिल्यांदा त्यालाच दिसली होती, आणि प्रोफाइलवर चिखला वाचून त्यानं माझा नंबर मावशीला दिला होता. त्यानं मला स्वतःच्या कपाटाचे फोटो पाठवले. शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या, द्राक्षरसाचे चांदीचे पेले, एक्केचाळीस. मसाल्याचा वास घ्यायच्या डब्या, मनोऱ्यासारख्या, टोकाला चिमुकले झेंडे. वल्हांडण सणाच्या रात्रीचं सहा खळग्यांचं ताट, त्यात कडू भाजी, भाजलेलं हाड, अंडं ठेवायची जागा ठरलेली. मी रात्रभर, म्हणजे दहा वाजेपर्यंत, अशा भांड्यांचे लिलाव मोबाइलवर वाचत बसलो. तिथे वस्तूवरच्या काळेपणाला वेगळा मान होता. भांडं जितकं न घासलेलं तितकं मोलाचं. मला आईचा हात आठवला, चिंच घेऊन गोल फिरणारा, तीस वर्षं रोज. मग हसू आलं. एझ्राच्या पेल्यांत द्राक्षरस घालतात का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नाही नाही, डाग पडतो."

आईला सांगायला मला तीन रविवार लागले. सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, वाक्रुळकर साहेबाची पोरगी येते म्हणते, ताट पाहायला. तिनं मान वर केली नाही. "कोनती? थेच, तारेतली?" "हो." "केवढी झाली?" मी म्हणालो, अडुसष्ट. ती जरा वेळ बोटं मोजत बसली आणि म्हणाली, "होईलच ना." मग विचारलं, "तिले कसं मालूम झालं?" मी फोटोचं सांगितलं. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "माह्या ताटात जेवला तू," आणि त्यात राग होता की दुसरं काही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी वाट बघत होतो की ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "पाव्हणी येते तं ताट असं कसं दाखवाचं," आणि दुसऱ्या दिवशी तुमसरला नेऊन ते नव्यानं कल्हई करून आणलं.

सिपोराबाई तुमसर रोड स्टेशनवर उतरल्या आणि ऑटोनं नाकाडोंगरीवरून चिखल्याला आल्या. ठेंगण्या, पांढरे आखूड केस, गुडघ्याला पट्टा, सुती साडी. दारात थांबून त्यांनी आधी कॉलनीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग म्हणाल्या, "बाबा म्हणायचे इथे सगळं काळं आहे. चांगलं हिरवं आहे की." आई म्हणाली, "कारं खाली आहे." सिपोराबाईंनी फोनवर एझ्राला लावलं होतं आणि त्याला बघता यावं म्हणून फोन शेल्फावर, डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. आईनं ताट दोन्ही हातांनी आणून दिलं. ते इतकं पांढरं होतं की छतावर त्याचा गोल उजेड पडला. सिपोराबाईंनी काठावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा, आंधळा माणूस पुस्तक वाचतो तसं. "अक्षरं?" त्या म्हणाल्या. "आहेत ना," आई म्हणाली, "कल्हईच्या खाली आहेत. दोन वर्सात निंगतेत." डाळीच्या डब्याजवळून एझ्रा ओरडला, "मावशी, त्यांनी मुलामा दिला? कोणी दिला? केव्हा?" आईला वाटलं तो कौतुकानं विचारतो आहे. "तुमसरवाल्यानं, भाऊ. सोमवारी. साजरं झालं ना?" एझ्रानं डोक्याला हात लावला. पडद्यावर तो हात फार मोठा दिसला.

मग ते घडलं, जे मला रोज थोडं वेगळं आठवतं. एझ्रा जरा सावरला आणि मावशीला म्हणाला, मुलाम्याचं नंतर बघू, पण वापरायच्या आधी एक विधी करावा लागेल. दुसऱ्या धर्माच्या घरातून आलेलं धातूचं भांडं आपल्यात नैसर्गिक पाण्यात पूर्ण बुडवून काढतात. नळाचं चालत नाही. "जवळपास कुठे साठलेलं पावसाचं पाणी आहे का?" हा प्रश्न त्यानं कुणालाच विचारला नव्हता, पण माहिती विचारली गेली होती, आणि मी कचेरीत बसणारा माणूस. मी म्हणालो, कॉलनीच्या मागे बोडी आहे, लहान तळं, पावसाचंच पाणी. नाकाडोंगरीच्या पुढे नदी पडते. खाणीतून उपसलेलंही पाणी आहे, पण ते चालेल का ते मला माहीत नाही. मी एवढं सगळं सांगत होतो आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता, बसस्टँडवरच्या गाड्यांच्या घोषणेसारखा. आईचा चेहरा मी पाहिला नाही. तिचे पाय पाहिले. ती एक पाऊल मागे सरली होती, मोरीच्या पायरीपर्यंत, जिथे भांडी घासायला बसते तिथे.

"बाटलं काय?" ती म्हणाली.

सिपोराबाई गडबडल्या. "अहो, तसं नाही. बाजारातून नवीन आणलं तरी बुडवतात. रीत आहे फक्त."

"रीतच म्हनून राहिलो मी बी." आईचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "जे धुवाचं होतं थे माह्या बापानं छप्पन साली नागपूरले धुतलं, बाई. त्याच्यावर तुमच्या बाबाच्या संगं बसून यात जेवला. तुमच्या बाबानं नाई बुडवलं. आमी जेवलो म्हनून आता बुडवता?"

डाळीच्या डब्याजवळून एझ्रा म्हणाला, "मावशी, त्यांना समजावून सांग, कायद्याप्रमाणे..." सिपोराबाईंनी हात लांब करून फोन पालथा घातला. तो पालथा पडूनही थोडा वेळ बोलत राहिला. मग बंद झाला. क्वार्टरमध्ये एकदम इतकं शांत झालं की खाणीच्या पंख्याची घरघर ऐकू आली, जी बारा महिने चालू असते आणि म्हणून कधीच ऐकू येत नाही. मला वाटलं, आता मी काहीतरी बोललं पाहिजे. माझ्या डोक्यात फक्त एकच वाक्य आलं, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' ते मी बोललो नाही, आणि मला माझा अभिमान वाटला. सिपोराबाई खाली बसल्या, गुडघा धरून, एक पाय लांब करून, थेट फरशीवर. ताट पुढे ठेवलं. म्हणाल्या, "सकाळपासून रेल्वेच्या चहावर आहे. काही आहे का खायला?"

आईनं मलिदा केला होता. कधी केला, मला कळलं नव्हतं. बापानं तोंडी सांगितलेल्या गोष्टीवरून, गूळ, खोबरं, भिजवलेले पोहे, आणि फळं म्हणून केळी आणि कॉलनीतल्या झाडाचे पेरू. तिनं ते सगळं त्या पांढऱ्या ताटात ढीग करून वाढलं आणि उभी राहिली. "तुम्हीही बसा," सिपोराबाई म्हणाल्या. "मी मागून जेवतो." "माझ्या मलिद्याला मी एकटी जेवू?" आई बसली. मी बसलो नाही. मला कुणी म्हटलं नाही, आणि मी आधीच जेवलेलो होतो, त्याचा फोटोही होता. सिपोराबाईंनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं, अगदी थोडं, आणि दोघींचे हात दोन बाजूंनी त्या ढिगात गेले. आईच्या हातावर ताटाच्या मागच्या बाजूच्या पितळेची काळी रेघ होती. ती घास घेत नव्हती, पोहे नुसते बोटांनी चाळत होती. मग घेतला.

खाता खाता सिपोराबाई म्हणाल्या, "बाबा नेहमी सांगायचे, तुझ्या मलिद्याला त्या जंगलात मी दहा माणसं जमवली होती. बरोबर दहा. आई हसायची, म्हणायची, तिथे कुठली दहा. पण ते म्हणायचे, माझ्याकडे हजेरी आहे." मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. "हो," ती म्हणाली, "दहा होते." "खरंच? कोण कोण?" आईनं केळीची साल सोलली. "एक बाबुलाल." "आणि दुसरे?" "थोबी बाबुलाल." सिपोराबाईंचा हात थांबला. "दोघेही बाबुलाल?" "दहाही जनं. तवा लय होते बाबुलाल इकडं." आई अगदी गंभीर होती. "सहावा जरा अडानी होता, चप्पल घालून आला." सिपोराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना कळलं; कळताना ते दिसलं, चेहऱ्यावरून सावकाश, वरून खाली. त्या आधी हसल्या, तोंडात पोहे घेऊन, ठसका लागेपर्यंत, आणि त्या ठसक्यात पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी पाणी आणायला गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ माठाजवळ उभा राहिलो.

निघताना त्यांनी ताट मागितलं नाही. म्हणून आईनं ते दिलं. धुतलं, पुसलं, साडीत गुंडाळलं. "न्या. ज्यानं खाल्लं त्याचं." सिपोराबाई म्हणाल्या, तुम्हीही खाल्लंत. आई म्हणाली, "मी लय वर्सं खाल्लं. पन यात जेवजा बरं. ठेवजा नोको." त्यांनी शब्द दिला. आणि त्यांनी तो पाळला, हे नोंदवणं भाग आहे. डिसेंबरात त्यांच्या वाढदिवशी ठाण्यात त्यांनी त्यात मलिदा केला, मला फोटो पाठवला, त्यात ताट दिसतच नव्हतं, नुसती फळं. फेब्रुवारीत गुडघे अगदीच गेले आणि त्या कायमच्या अश्दोदला भाच्याकडे गेल्या. विमानात सामानाचं वजन ठरलेलं असतं. एझ्राच्या संग्रहात मुलामा दिलेला नमुना बसत नव्हता. ताट मुंबईच्या एका संग्रहालयाला मिळालं, आणि सिपोराबाईंनी मला लिहिलं की ते आता सुरक्षित आहे. हा शब्द वाचून मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि दुपारभर एकच फाइल तीन वेळा स्कॅन केली.

आई दर रविवारी विचारायची, "जेवत असन ना कोनी त्यात?" मी म्हणायचो, हो. एकदा विचारलं, "काय जेवतेत?" मी म्हणालो, मासे. असं मी त्या ताटात दोन महिने लोकांना जेवू घातलं. मग एप्रिलात तिनं एके दिवशी डबा भरला, भात आणि वरण, आणि म्हणाली, चाल, पाहून येऊ. मी खरं सांगितलं, ताट संग्रहालयात आहे, त्यात कोणी जेवत नाही. ती म्हणाली, "मालूम आहे मले. तू खोटं बोलते तं लय भाज्या सांगते." आम्ही मुंबईला गेलो. 'सोमवारी बंद' असं लिहिलेल्या फाटकावरच्या रखवालदारानं डबा ठेवून घेतला. खायचं आत नेता येत नाही. तिसऱ्या दालनात, कोपऱ्यात, काचेमागे, कमरेच्या उंचीवर ताट तिरकं उभं होतं. त्यांनी सगळी कल्हई काढून टाकली होती. पिवळं, उघडं, आणि अक्षरं अशी स्पष्ट की जणू आत्ताच कुणीतरी कोरली. तीस वर्षांची कल्हई, थरावर थर, आईच्या प्रत्येक दोन वर्षांचा एक. त्याचं त्यांनी काय केलं असेल, असा प्रश्न मला पडला, आणि असल्या प्रश्नांसाठी तिथे खिडकी नव्हती. पाटीवर लिहिलं होतं: मलिद्याचं ताट, पितळ, मध्य भारत, विसाव्या शतकाचा मध्य. खाली: कृपया स्पर्श करू नये. आईनं पाटी सावकाश, ओठ हलवत वाचली. "बाबाचं नाव?" "नाही." "माहं?" "नाही." तिनं खालची ओळ परत एकदा वाचली. मग दालनातल्या रखवालदाराला विचारलं, "भाऊ, यात कोन जेवते?" तो म्हणाला, "कोणी नाही, मावशी. पाहायचं असतं." "सोमवारी बी नाई?" "सोमवारी बंद असतं." ती काचेजवळ इतकी गेली की काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटला आणि ताटावर बरोबर बसला. "उपाशी ठेवलं," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, अगदी सहज, शेजाऱ्याच्या बैलाबद्दल म्हणावं तसं. बाहेर येऊन आम्ही फूटपाथवर डबा उघडला. मी झाकणात जेवलो. ती जेवली नाही. म्हणाली, भूक नाही. परतीच्या गाडीतही म्हणाली. त्यानंतर चिखल्यातही, रोज, सगळ्यांत शेवटी, स्टीलचं ताट पुढे घेऊन ती दोन घास खाते आणि उठते. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे.

म्हणून आज, कार्यालयीन वेळेत, कार्यालयाच्या कागदावर, मी पुढील मजकूर टाइप केला आहे. गोलूनं वाचला आणि म्हणाला, "आवक नंबर भेटन तुले, बस." त्याचंही म्हणणं बरोबर आहे.

प्रति, मा. संचालक यांस. विषय: ताट क्रमांक नमूद नसलेले, याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, आपल्या तिसऱ्या दालनातील मलिद्याचे ताट हे अर्जदाराच्या आईच्या जेवणाचे असून, ते आपल्या ताब्यात आल्यापासून आजतागायत त्यात कोणीही जेवलेले नाही. ताट परत मिळण्याबाबत अर्जदाराची कोणतीही मागणी नाही. तरी कोणत्याही एका सोमवारी, प्रेक्षकांची गैरसोय न होता, अर्ध्या तासाकरिता सदर ताट पेटीबाहेर काढून श्रीमती रत्नमाला, राहणार चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, यांस जमिनीवर बसून त्यात जेवू देण्याची परवानगी मिळावी. वरण-भात अर्जदार स्वतः आणील व खरकटे मागे राहणार नाही याची हमी देतो. आणि त्यांच्यासमोर बसून त्याच ताटात जेवण्याकरिता आपल्या आस्थापनेवरील कोणीही एक कर्मचारी, पद, जात व धर्म न पाहता, त्या दिवशी उपाशीपोटी हजर ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.